वीजबिल, सिलिंडर आणि छतावरची वीज : घरात बसून करायचा हिशोब

गेल्या वर्षी आम्ही वर्गातल्या मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगितलं. गणिताच्या तासाला टक्केवारी शिकवायची होती. मुलांनी बिलं आणली, पण बहुतेकांच्या घरात ते बिल कुणी वाचलेलंच नव्हतं. शेवटचा आकडा बघायचा, "या अल्लाह, एवढं!" म्हणायचं आणि भरून टाकायचं. म्हणून हा लेख. वीज आणि गॅस महाग का होतात, पर्याय कोणते आणि ते आपल्याला परवडतात का, हे एका जागी मांडतो आहोत.

बिलात नेमकं काय असतं?

2005 साली राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं. तेव्हापासून वीज तयार करण्याचं काम महानिर्मितीकडे, वाहून नेण्याचं महापारेषणकडे आणि घरोघर पोहोचवण्याचं महावितरणकडे आहे. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा या कंपन्याही वीज देतात. दर मात्र यांच्यापैकी कुणी परस्पर ठरवत नाही, ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.

बिलात मुख्य रकाने पाच : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क. स्थिर आकार घर बंद असलं तरी लागतो. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की इंधन समायोजन आकार वाढतो. घरगुती ग्राहकाला या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क आहे.

महावितरणचे घरगुती टप्पे असे : 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. इथे एक मोठा गैरसमज आहे. 101 वं युनिट पडलं की सगळी युनिटं महाग होतात, असं लोक समजतात. तसं नाही. पहिली 100 युनिटं पहिल्याच दराने धरतात, वरची तेवढी पुढच्या दराने. पण पुढचा टप्पा बराच महाग असल्यामुळे वाचवलेलं प्रत्येक युनिट आधी महागड्या टप्प्यातून कमी होतं. बचतीचा खरा फायदा तिथे आहे.

आपल्याकडे एकत्र कुटुंबं जास्त. दोन भाऊ, दोन चुली आणि मीटर एकच, म्हणजे दोघांची युनिटं मिळून वरच्या टप्प्यात जातात. घराचे भाग खरोखर वेगळे असतील, वायरिंग वेगळं असेल, तर दुसऱ्या मीटरबद्दल वीज कार्यालयात जरूर विचारा.

मशिदीच्या कमिट्यांसाठीही एक गोष्ट. आयोगाच्या दरपत्रकात मशीद, मंदिर, चर्च अशा प्रार्थनास्थळांना घरगुती दर लागतो. हॉल किंवा गाळा भाड्याने दिला असेल तर त्या भागाला व्यावसायिक दर पडतो. आपल्या मशिदीच्या बिलावर कोणता वर्ग लिहिला आहे, ते एकदा पाहून घ्या.

सिलिंडर वर-खाली का होतो?

आपला देश स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून आणतो आणि त्यातला बराचसा आखातातून येतो. सौदी अरामको कंपनी दर महिन्याला जो भाव जाहीर करते, त्यावर इथला हिशोब बेततात. त्यामुळे तिकडे तणाव वाढला किंवा डॉलर महागला की त्याची झळ इथल्या चुलीला लागते. ज्यांची मुलं दुबई-कुवेतला आहेत त्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

मुंबईत 14.2 किलोचा सिलिंडर मार्च 2023 मध्ये 1,102.50 रुपयांना होता. ऑगस्ट 2023 अखेर तो 200 रुपयांनी उतरला, मार्च 2024 मध्ये आणखी 100 रुपयांनी. एप्रिल 2025 मध्ये 50 रुपये वाढून 852.50 झाला. 2016 साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतल्या बहिणींना ऑक्टोबर 2023 पासून सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान मिळू लागलं.

इंडक्शन शेगडी परवडते का? एका सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढ्याला इंडक्शनवर ढोबळमानाने 130 युनिट लागतात. एप्रिल 2025 च्या भावाने 852 भागिले 130 केलं की साधारण साडेसहा रुपये येतात. सगळे आकार धरून तुमचं वरचं युनिट यापेक्षा महाग पडत असेल तर गॅसच स्वस्त. पण छतावर स्वतःची वीज असेल तर हिशोब उलटतो.

छतावरची सौरऊर्जा

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना सुरू केली. लक्ष्य 1 कोटी घरांचं आहे. अनुदान असं : 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000, 3 किलोवॅट किंवा जास्त असेल तर 78,000 रुपये. गृहनिर्माण सोसायटीला लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये.

एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि महिन्याला सरासरी 120 युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. योजना आली तेव्हा अनुदान ठरवताना 3 किलोवॅटचा खर्च 1,45,000 रुपये धरला होता. बाजारात जास्तही सांगतात. त्या हिशोबाने खिशातून 67,000 जातात. महिन्याला 2,000 रुपये वाचले तर तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. पॅनलची हमी बहुधा 25 वर्षांची असते, इन्व्हर्टर मात्र मध्येच बदलावा लागतो.

विक्रेते जे लवकर सांगत नाहीत तेही ऐका :

• साध्या जोडणीत बाहेरची वीज गेली की छतावरची वीजही बंद होते. लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही सोय असते. लोडशेडिंगमध्ये वीज हवी तर बॅटरी लागते आणि खर्च वाढतो.
• बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच.
• जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात. वर्षाअखेर उरलेल्यांना मिळणारा भाव अगदी कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवू नका.
• अनुदान आधी मिळत नाही. संच बसून तपासणी झाल्यावर ते खात्यात येतं.
• मीटर अजून मरहूम आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. आपल्याकडे बऱ्याच घरांचं काम इथेच अडतं.

कर्जाचा प्रश्न

या योजनेत बँका विनातारण कर्ज देतात, व्याजही इतर कर्जांपेक्षा कमी. पण व्याज ते व्याजच, म्हणून आपली बरीच कुटुंबं तिथूनच मागे फिरतात. याचा फतवा देणं आमचं काम नाही, तो आपल्या आलिमांना विचारावा. हिशोब मात्र आम्ही मांडू शकतो. अनुदानाचे 60,000 किंवा 78,000 रुपये थोड्याच काळात परत येणार असतात, त्यामुळे तेवढी रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून फिरवता येते. जमातीच्या बैतुलमालने एका घराला दिली, अनुदान येताच परत घेतली, मग दुसऱ्याला दिली, तर एकाच रकमेत अनेक छतं होतील.

पर्यायांवरचा वाद

कोळसा धूर करतो हे खरं, पण रात्री सूर्य नसतो हेही खरं. त्यामुळे एकाच गोष्टीवर सगळं सोडता येत नाही. कोकणाने दोन धडे पाहिले आहेत. गुहागरच्या दाभोळ प्रकल्पाची वीज इतकी महाग पडली की 2001 मध्ये वीज मंडळाने ती घेणं थांबवलं. राजापूरजवळ जैतापूरला 9,900 मेगावॅटचा अणुप्रकल्प ठरला, त्याला साखरी नाटे गावच्या मच्छीमारांनी समुद्र आणि मासळीच्या काळजीने विरोध केला. एप्रिल 2011 मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. वीज कुठून येते या प्रश्नात कुणाचं काय जातं हेही मोजावं लागतं.

गावी जनावरं असतील तर गोबरगॅस अजूनही चांगला. साधारण 25 किलो शेणातून 1 घनमीटर गॅस मिळतो.

ज्यांना छत नाही त्यांनी काय करावं?

भाडेकरू आणि चाळीतली कुटुंबं या योजनेतून बाहेरच राहतात. घराचे कागद पूर्ण नसतील तरी अडचण येते. ही योजनेची उणीव आहे आणि ती लोकप्रतिनिधींसमोर मांडायला हवी. तोवर हातात आहे ते करू. जुना पंखा 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज 15 तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं.

वुजू करताना नळ वाहता ठेवू नये, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. रिकाम्या खोलीतला पंखा त्याच यादीत घाला. आणि पुढचं बिल आलं की मुलांना जवळ बसवून एकदा मोठ्याने वाचा.