सोमालियातील मदतकार्याचे संरक्षण आणि भारतीय ब्रिगेड (१९९३-९४)

प्रस्तावना

महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे झाली. सैन्यभरती हा महार समाजाच्या दृष्टीने हक्काचा व प्रतिष्ठेचा प्रश्न होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो सातत्याने लावून धरला होता. पुढे सर्व समाजांतील जवानांना सामावून घेणाऱ्या या रेजिमेंटची एक बटालियन १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली सोमालियात गेली. महाराष्ट्रात रेजिमेंटचे नाव निघताच कोरेगावचा विजयस्तंभ आठवतो. भुकेल्यांच्या अन्नाचे रक्षण करण्याच्या या कामगिरीची चर्चा मात्र क्वचितच होते.

पार्श्वभूमी

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बरे यांची राजवट कोसळली. त्यानंतरच्या यादवीत जुब्बा व शबेले या नद्यांमधील शेतीप्रधान प्रदेश परस्परविरोधी फौजांनी लुटला. त्यामुळे १९९२ चा दुष्काळ केवळ अवर्षणाचा परिणाम नव्हता. सुमारे ३ लाख लोक मरण पावल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. विस्थापितांची गर्दी झालेल्या बैदोआला ‘मृत्यूचे शहर’ म्हटले जाऊ लागले. बंदरात उतरलेले धान्य शिबिरांत पोहोचण्यापूर्वीच लुटले जाई आणि त्याच धान्यावर सशस्त्र टोळ्या पोसल्या जात. मदत हीच युद्धाची रसद बनली होती.

सुरक्षा परिषदेने ३ डिसेंबर १९९२ रोजी ठराव ७९४ संमत केला आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालील बहुराष्ट्रीय फौजेने धान्यवाहतुकीचे मार्ग खुले केले. मार्च १९९३ मधील ठराव ८१४ ने पुढील मोहिमेवर निःशस्त्रीकरणाची जबाबदारीही सोपवली. ५ जून रोजी मोगादिशू येथे २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले. त्यानंतर जनरल ऐदीद यांना पकडण्याचे प्रयत्न सुरू झाले. ऑक्टोबरमधील चकमकीत १८ अमेरिकी सैनिक आणि शेकडो सोमाली ठार झाले. राजधानीत संरक्षक स्वतःच युद्धातील एक पक्ष ठरला होता.

भारतीय ब्रिगेडचे कार्य

ब्रिगेडियर एम. पी. भगत यांच्या नेतृत्वाखालील ६६ स्वतंत्र ब्रिगेड याच काळात बैदोआ परिसरात दाखल झाली. तिच्याकडे सुमारे १ लाख ७३ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रफळाचा, प्रदेश होता. धान्याच्या ताफ्यांना संरक्षण देण्याबरोबरच विहिरी खोदणे, दवाखाने चालवणे आणि जनावरांवर उपचार करणे ही कामे जवानांनी केली. पशुपालक समाजात उंट आणि गुरे हीच कुटुंबाची पुंजी असते. ती वाचली तर निर्वासिताला घरी परतण्याचा आधार राहतो. या दृष्टीने पशुवैद्यकाचे काम धान्याच्या ताफ्याइतकेच मोलाचे होते.

तथापि या यशाला मर्यादा होत्या. मार्च १९९४ पर्यंत अमेरिकी व युरोपीय तुकड्या परतल्या आणि मोहीम क्षीण झाली. २२ ऑगस्ट १९९४ रोजी बैदोआच्या मार्गावर दबा धरून केलेल्या हल्ल्यात ७ भारतीय जवान मारले गेले. ३१ ऑगस्टला बैदोआत ३ भारतीय लष्करी डॉक्टरांचा बळी गेला. स्थानिकांचा विश्वास आवश्यक असला तरी तो पुरेसे कवच ठरत नाही, हे या घटनांनी दाखवून दिले. डिसेंबर १९९४ मध्ये किसमायो बंदरातून अखेरच्या तुकड्या परतल्या, तेव्हा त्यांच्या माघारीसाठी आलेल्या भारतीय नौदलाच्या जहाजांत मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘गंगा’ आणि ‘गोदावरी’ या युद्धनौका होत्या.

निष्कर्ष

मदतीला शस्त्राचे संरक्षण लागते, हे सोमालियाने सिद्ध केले. आणि संरक्षक पक्षकार झाला की मदतही असुरक्षित होते, हेही सिद्ध केले. मोगादिशूच्या पराभवावर विपुल लेखन झाले आहे. परंतु बैदोआचा अनुभव वगळून काढलेला निष्कर्ष अपुरा राहतो, कारण तेथील मोहिमेचे मोजमाप शत्रूच्या हानीवर नव्हे, तर शिबिरात सुखरूप पोहोचलेल्या धान्यावर करावे लागते. लष्करी इतिहासाच्या अध्यापनात या मोजमापालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.