आमच्या पाळीतला

पुलगावात ‘डेपो’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर एसटी येत नाही. डेपो म्हणजे सीएडी, लष्कराचा सेंट्रल ॲम्युनिशन डेपो. सुमारे ७ हजार एकरांचा पसारा. कुंपणाच्या आत काय आहे ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत, आणि आत जाऊन पाहिलेलं जवळपास कुणीच नाही. आमच्या शेजारचे काका मात्र रोज आत जायचे. डेपोच्या फायर ब्रिगेडमध्ये होते. लहानपणी मी त्यांना विचारायचो, “काका, आज आग लागली का?” ते म्हणायचे, “नाही लागली, हेच त आमचं काम.”

३० मे २०१६. नवतपा सुरू होता. मी इंजिनीअरिंगच्या सुट्टीत घरी आलो होतो आणि विदर्भातल्या अर्ध्या जनतेसारखा गच्चीवर झोपलो होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर आभाळ केशरी झालं, मग आवाज आला. आवाज म्हणणंही कमीच आहे; गच्चीनेच आम्हाला उठवून बसवलं. कुणी म्हणालं भूकंप, कुणी म्हणालं सिलेंडर. आगरगावसारख्या कुंपणालगतच्या गावांतली माणसं लेकरं काखेत घेऊन अंधारात निघाली होती, हे सकाळी कळलं. काकांना मात्र काही कळायची गरज नव्हती. त्यांची पाळी नव्हती त्या रात्री. त्यांनी पँट चढवली, गाडीला किक मारली आणि सगळं गाव ज्या दिशेने पळून येत होतं, त्या दिशेने गेले.

आत काय घडलं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. आग लागली ती रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेल्या एका शेडमध्ये. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला येऊन गेले. पुढे जे प्राथमिक कारण सांगितलं गेलं, ते सुरुंगांमधून पाझरणाऱ्या टीएनटीचं. हे मी आधी वाचलं तेव्हा नीट कळलं नव्हतं. शुद्ध टीएनटी वितळतं साधारण ८० अंशांवर, म्हणजे आपल्या ४६ अंशांच्या उन्हाळ्यालाही ते बधायला नको. पण त्यात अशुद्ध घटक राहिले असतील तर त्यांचं मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला पातळ होतं आणि फटींतून हळूहळू बाहेर येतं. थोडक्यात, चूक बनवताना झालेली, आणि ती पाझरली कैक वर्षांनी, भलत्याच माणसांच्या पाळीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुणीतरी केव्हातरी लिहिलेल्या कोडमधली चूक रात्री दोनला माझ्या फोनवर वाजते, तेव्हा मी शिव्या घालत लॅपटॉप उघडतो. माझ्या चुकांनी फार तर कुणाचं पेमेंट अडकतं. ही तुलना पुढे नेण्यात अर्थ नाही, म्हणून इथेच सोडतो.

दारूगोळ्याच्या डेपोत शेड एकमेकींपासून अंतर राखून बांधतात आणि मध्ये मातीचे बांध घालतात, एकीची आग दुसरीला लागू नये म्हणून. पण बांध स्वतः आग विझवत नाही. माणसांनाच जवळ जावं लागतं. त्या रात्री ती गेली, आणि जवळ असतानाच स्फोट झाला. आग त्या एका शेडबाहेर पसरली नाही, असं लष्कराने दुसऱ्या दिवशी सांगितलं. पसरली असती तर मी हा लेख लिहायला असतो का, हा प्रश्न पुलगावात कुणी मोठ्याने विचारत नाही.

लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार आणि मेजर के. मनोज हे दोन अधिकारी गेले. डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे लोक गेले. हे दल बहुतांशी सैन्यातून निवृत्त होऊन पुन्हा वर्दी चढवलेल्यांचं असतं. आणि गेले फायरमन, सगळ्यात जास्त तेच. मृतांचा आकडा आधी १६ होता, मग वाढत १९ वर गेला. जखमींना सावंगीच्या रुग्णालयात हलवलं. त्याला विनोबांचं नाव आहे. हे वर्धा जिल्ह्यातच घडू शकतं. कित्येकांची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली.

काकांचा दोस्त त्यात होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांच्या बातम्यांत कोण लष्करी, कोण डीएससीचा, कोण नागरी कर्मचारी याचा गोंधळ होता. मराठीत आग विझवणाऱ्यालाही आपण जवानच म्हणतो, त्यामुळे तो गोंधळ मला तेव्हा बरोबरच वाटला होता. मग तो निस्तरला गेला. वर्दीवाल्यांचे नियम वेगळे, नागरी कर्मचाऱ्यांचे वेगळे. पेन्शनचे वेगळे, सन्मानाचे वेगळे. ‘शहीद कोणाला म्हणायचं’ यावर चौकात वाद झालेले मी ऐकले. गंमत अशी की सरकारने संसदेत सांगितलंय, सैन्यदलांत ‘शहीद’ हा शब्द अधिकृतपणे वापरलाच जात नाही. सगळे ज्याच्यासाठी भांडत होते तो शब्द कुठल्याच फाइलीत नाही.

काकांनी तो शब्द कधी वापरला नाही. ते दोस्ताबद्दल बोलताना “आमच्या पाळीतला” म्हणतात. पवार साहेब, मनोज साहेब यांच्याबद्दलही तसंच, “साहेब बी होते आमच्यासंगच.” एकदा मी मूर्खासारखं विचारलं, काका, ते आत गेले तेव्हा त्यांना माहीत नव्हतं का? ते माझ्याकडे बघत राहिले. “माहीत होतं म्हणूनच त गेले. ज्याले माहीत नाही तो कायले जाईन बाप्पा?” मग बऱ्याच वेळाने: “आठ दिवस आधी त्यानं माझी पाळी केली होती. ती फेडाची राहिली.”

२० नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा आवाज आला. यावेळी सकाळी, सोनेगाव आबाजी जवळच्या मैदानावर, जिथे जुना दारूगोळा निकामी करतात. सहा जण गेले. त्यांतले बहुतेक आसपासच्या गावांतले, कंत्राटदाराकडे मजुरीवर असलेले. त्यांच्यासाठी कोणता शब्द वापरायचा यावर चौकात वादही झाला नाही. काका त्या दिवशी जेवले नाहीत, एवढं काकूंनी सांगितलं.

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा काकांनी नवा फोन घेतला होता. जुन्यातलं सगळं नव्यात टाकून दे म्हणाले. इंजिनीअर झाल्यापासून गल्लीत माझं हेच काम आहे. नंबर आले, फोटो आले. त्यांनी चष्मा लावून यादी वर सरकवली आणि एका नावापाशी थांबले. नावापुढे ‘फायर’ लिहिलं होतं. मी सवयीने व्हॉट्सॲप उघडून पाहिलं. नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला गेला होता. फोटोत कुणाचंतरी लहान बाळ, टोपरं घातलेलं. “काका, हा नंबर आता दुसऱ्याचा आहे. काढून टाकू?”

“असू दे,” ते म्हणाले, आणि फोन खिशात टाकला.