एका पदकाचा उशीर : लेफ्टनंट व्हर्नन बेकर यांची गोष्ट

१/
१३ जानेवारी १९९७. वॉशिंग्टनमधील व्हाइट हाउस. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन त्या दिवशी सात सैनिकांना 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक प्रदान करत होते. सातांपैकी सहा जण हयात नव्हते. सातवे गृहस्थ मात्र स्वतः समोर उभे होते. वय ७७. नाव व्हर्नन बेकर. ज्या पराक्रमासाठी हे पदक होते, तो घडला होता ५ एप्रिल १९४५ रोजी.
मधली जवळपास ५२ वर्षे कुठे गेली? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

२/
आधी एक आकडा ध्यानात ठेवू. दुसऱ्या महायुद्धात बारा लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय अमेरिकनांनी सैन्यात सेवा केली. त्या युद्धासाठी चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनर दिली गेली. त्यांपैकी कृष्णवर्णीयांच्या वाट्याला १९९७ पर्यंत आलेली पदके : शून्य.
अमेरिकन यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांना हे पदक मिळाले होते. म्हणजे नियमाने दार बंद नव्हते. तरीही त्यातून कोणी आत गेले नाही.

३/
व्हर्नन बेकर यांचा जन्म १७ डिसेंबर १९१९ रोजी वायोमिंग राज्यातील शायेन या रेल्वेच्या गावी झाला. चार वर्षांचे असताना मोटार अपघातात आईवडील गेले. आजीआजोबांनी वाढवले. आजोबा रेल्वेत कामाला होते. नातवाच्या हाती बंदूक देऊन शिकार त्यांनीच शिकवली. मधली काही वर्षे ओमाहाजवळच्या 'बॉइज टाउन' या अनाथ व निराधार मुलांच्या संस्थेत गेली. शालेय शिक्षण आयोवातील क्लॅरिंडा येथे पूर्ण झाले. पुढे रेल्वेत हमालाची नोकरी. ती त्यांना मनापासून नकोशी होती.

४/
१९४१ च्या वसंतात ते सैन्यभरतीच्या कचेरीत गेले. 'तुमच्या लोकांसाठी जागा नाहीत' अशा अर्थाचे उत्तर ऐकून परत आले. काही आठवड्यांनी पुन्हा गेले, तेव्हा तिथे दुसरा अधिकारी होता. बेकर यांनी रसद विभाग मागितला. त्याने अर्जावर 'पायदळ' असे लिहिले. बेकर यांनी वाद घातला नाही. भरती झाली एवढे त्यांना पुरेसे होते. एका कारकुनी नोंदीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. पुढेही कागदावर काय लिहिले जाते, आणि काय लिहिले जात नाही, यावरच ती ठरत राहिली.

५/
प्रशिक्षणासाठी टेक्ससमधील कॅम्प वॉल्टर्स. तिथे पोहोचल्यावर बसमध्ये पुढच्या आसनावर बसले, तर चालकाने शिवी हासडून मागे जायला सांगितले. दक्षिणेकडच्या वर्णभेदाशी ही त्यांची पहिली समोरासमोर गाठ. परंतु बेकर यांना लिहिता-वाचता उत्तम येत होते आणि कामात शिस्त होती. ते भराभर वर चढले. फोर्ट बेनिंग येथील अधिकारी प्रशिक्षण पूर्ण करून जानेवारी १९४३ मध्ये ते पायदळात सेकंड लेफ्टनंट झाले.

६/
नेमणूक मिळाली ती ९२ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनच्या ३७० व्या रेजिमेंटमध्ये. खांद्यावर गव्याचे चिन्ह. टोपणनाव 'बफेलो सोल्जर्स'. युरोपात पूर्ण डिव्हिजन म्हणून लढलेले हे एकमेव कृष्णवर्णीय पायदळ.
सैनिक काळे, कनिष्ठ अधिकारी पुष्कळसे काळे, वरची पदे प्रामुख्याने गोऱ्यांकडे. ॲरिझोनातील फोर्ट हुआचुका येथे काळ्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्लबही वेगळे होते. कमांडर मेजर जनरल एडवर्ड ऑल्मंड. आपल्या सैनिकांच्या लढण्याच्या क्षमतेवर या सेनापतीचा विश्वास नव्हता आणि युद्धानंतरही त्यांचे मत बदलले नाही.

७/
३७० वी रेजिमेंट १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीत उतरली. समोर होती 'गॉथिक लाइन' : ॲपेनाइन्स पर्वतरांगेत समुद्रापासून समुद्रापर्यंत जर्मनांनी बांधलेली संरक्षणरेषा. खडकांत कोरलेले बंकर, सुरुंग, काटेरी तारा, आणि वरून खालचे सगळे दिसेल अशा टेकड्या. ऑक्टोबरमध्ये बेकर यांच्या हाताला गोळी लागली. इस्पितळात काही काळ काढून ते पुन्हा आपल्या तुकडीत रुजू झाले.

८/
इथे आपल्या ओळखीचा एक धागा येऊन मिळतो. २६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन व इटालियन फौजांनी सेर्किओ नदीच्या खोऱ्यात ९२ व्या डिव्हिजनवर हल्ला केला. सोम्मोकोलोनिया या डोंगरी गावात लेफ्टनंट जॉन फॉक्स एका घरातून तोफांना निशाणा सांगत होते. शत्रूने वेढल्यावर त्यांनी स्वतःच्याच ठिकाणावर तोफा डागायला सांगितल्या आणि त्यात ते मारले गेले. खोऱ्यातली फुटलेली फळी सावरायला जी फौज आली, ती होती ८ वी भारतीय डिव्हिजन. याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियनही होती. ही नोंद लक्षात असू द्या.

९/
फेब्रुवारी १९४५ मध्ये किनाऱ्यालगत चिंक्वाले कालव्यापाशी ९२ व्या डिव्हिजनचा हल्ला फसला. मोठी हानी झाली. दोष कोणाचा? अपुरे प्रशिक्षण, अधिकारी व सैनिक यांच्यातला अविश्वास, उघड्या वाळूवर अडकलेले रणगाडे अशी कारणे समोर होती. तरी वरच्या पातळीवर सोपे उत्तर रूढ झाले : 'काळे सैनिक लढत नाहीत.' डिव्हिजनची फेररचना झाली. ३७० वी रेजिमेंट निवडक सैनिकांनिशी राहिली. तिच्या जोडीला गोऱ्या सैनिकांची ४७३ वी आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांची ४४२ वी रेजिमेंट आली.

१०/
५ एप्रिल १९४५, पहाट. मोंतिन्योसोजवळच्या टेकडीवर कास्तेल्लो अगिनोल्फी हा जुना किल्ला. त्यावरून किनारपट्टीचा रस्ता जर्मनांच्या नजरेच्या टप्प्यात होता. त्याआधीचे प्रयत्न फसले होते. बेकर 'सी' कंपनीच्या शस्त्र-प्लाटूनचे प्रमुख होते. अंधारात पुढे सरकत सुमारे २५ जणांची तुकडी किल्ल्यापासून साधारण अडीचशे यार्डांवर पोहोचली. मशीनगन लावायला जागा शोधताना बेकर यांना टेकडीच्या एका फटीतून दोन नळकांडी बाहेर डोकावताना दिसली.

११/
ती त्यांना बंदुकीची नळी वाटली. सरपटत जाऊन त्यांनी फटीत रायफल रिकामी केली. आत निरीक्षणाची दुर्बीण होती आणि दोन जर्मन सैनिक. थोडे पुढे झाडोऱ्यात लपवलेली मशीनगन. तिच्यावरचे दोघे न्याहारी करत होते. बेकर यांनी त्यांनाही टिपले. इतक्यात एका जर्मनाने हातबॉम्ब फेकला. तो फुटला नाही. पळणाऱ्या त्या सैनिकावर बेकर यांच्या दोन गोळ्या बसल्या. मग ते एकटेच घळीत उतरले, एका दडलेल्या भुयारी ठाण्याचे तोंड बॉम्बने उडवले आणि आत शिरून ते संपवले.

१२/
त्यानंतर उखळी तोफांचा मारा सुरू झाला. थोड्याच वेळात तुकडीतले दोन-तृतीयांश जण ठार वा जखमी झाले. कंपनीचा गोरा कमांडर 'कुमक घेऊन येतो' असे सांगून मागे गेला. कुमक आली नाही. बेकर यांच्या आठवणीनुसार, मागे मुख्यालयात ही तुकडी संपल्यातच जमा धरली गेली होती. अखेर माघार घ्यावी लागली. जखमींना हलवता यावे म्हणून बेकर उघड्यावर उभे राहून शत्रूचा मारा स्वतःवर ओढून घेत राहिले. वाटेत सहकाऱ्यांच्या आडगोळीबाराच्या आधाराने त्यांनी आणखी दोन मशीनगन ठाणी हातबॉम्बने उडवली.

१३/
मानपत्रातली नोंद सांगते : शत्रूचे नऊ सैनिक, तीन मशीनगन ठाणी, एक निरीक्षण चौकी, एक भुयारी ठाणे. मानपत्रात नसलेली गोष्ट बेकर यांनी पुढे सांगितली. मेलेल्या साथीदारांना मागे सोडावे लागले तेव्हा त्यांनी त्यांच्या गळ्यातल्या ओळखपट्ट्या गोळा केल्या. त्या घेऊन मुख्यालयात पोहोचले, तर डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण नाही म्हणून त्यांनाच बोलणी खावी लागली. पुढच्याच रात्री सुरुंगांच्या पट्ट्यातून बटालियनची आघाडी नेण्याचे काम त्यांनी पत्करले.

१४/
या कामगिरीसाठी त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' मिळाला. हे दुसऱ्या क्रमांकाचे पदक. सन्मान झाला, पण एक पायरी खाली.
आता त्याच दिवसाची दुसरी नोंद पाहा. ५ एप्रिल रोजीच, याच आक्रमणात, जवळच्या डोंगरात ४४२ व्या रेजिमेंटचे सादाओ मुनेमोरी यांनी साथीदारांना वाचवण्यासाठी हातबॉम्बवर अंग झोकून दिले. त्यांना १९४६ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळाले. मात्र त्या नामांकित रेजिमेंटच्या इतर वीरांनाही २००० सालापर्यंत थांबावे लागले.

१५/
आणि तिसरी नोंद. बेकर यांच्या पराक्रमानंतर चौथ्या दिवशी, ९ एप्रिलला, इटलीच्याच दुसऱ्या बाजूला सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव लढत होते. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा हा जवान. जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून त्यांनी मागे आणले, मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. 'व्हिक्टोरिया क्रॉस' जाहीर झाला जून १९४५ मध्ये.

१६/
म्हणजे गुलाम देशाच्या शिपायाला साम्राज्याचे सर्वोच्च पदक दोन-अडीच महिन्यांत, आणि स्वतंत्र लोकशाहीच्या अधिकाऱ्याला जवळपास ५२ वर्षांनी? यातून ब्रिटिश उदार होते असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. व्हिक्टोरिया क्रॉस भारतीयांना खुला झाला तोच मुळी १९११ मध्ये, आणि भारतीय फौजेवर साम्राज्य विसंबून होते. भारतीय शिपायाचा गौरव करण्यात राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता. अमेरिकन सैन्यात मात्र काळ्या अधिकाऱ्याचा सर्वोच्च गौरव म्हणजे विभक्त सैन्यामागच्या मूळ गृहीतकालाच धक्का.

१७/
युद्धानंतर बेकर सैन्यातच राहिले. परंतु महाविद्यालयीन शिक्षण नाही या कारणाने त्यांचे अधिकारीपद गेले आणि ते पुन्हा सार्जंट झाले. २६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील समान वागणुकीचा आदेश काढला. कोरियन युद्धाच्या काळात बेकर यांना अधिकारीपद परत मिळाले. १९६८ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा हुद्दा होता फर्स्ट लेफ्टनंट. २५ वर्षांपूर्वी सेकंड लेफ्टनंट झालेला माणूस एकच पायरी चढून बाहेर पडला. नंतर अनेक वर्षे रेड क्रॉसमध्ये काम केले आणि आयडाहोच्या डोंगरात स्थायिक झाले.

१८/
१९९३ मध्ये सैन्याने नॉर्थ कॅरोलिनातील शॉ विद्यापीठाकडे एक अभ्यास सोपवला : कृष्णवर्णीयांना या युद्धात एकही मेडल ऑफ ऑनर का मिळाले नाही? संशोधकांनी दप्तरे धुंडाळली. निष्कर्ष असा की मूळ कारण त्या काळच्या सैन्यातील वर्णभेदाच्या वातावरणात होते. अभ्यासात दहा नावे पुढे आली. सात मंजूर झाली. महायुद्धातील पदकांची कायदेशीर मुदत १९५२ मध्येच संपली असल्याने काँग्रेसला ती शिथिल करावी लागली.

१९/
त्या सात नावांत सोम्मोकोलोनियाचे जॉन फॉक्स होते. ज्यांच्या बालपणाचा काही काळ कलकत्त्यात गेला, ते एडवर्ड कार्टरही होते. त्यांचे १९६३ मध्येच निधन झाले होते. सातांपैकी चौघे युद्धातच पडले होते. स्वतः पदक घ्यायला उरले होते एकटे बेकर.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? आपण दप्तरखान्यात बसतो तेव्हा कागद काय सांगतो ते वाचायला शिकतो. पण पदकाची शिफारस म्हणजेही एक कागद. तो कोणीतरी लिहावा लागतो, दुसऱ्याने त्यावर सही करावी लागते, तिसऱ्याने वर पाठवावा लागतो. साखळीतला एक माणूस गप्प राहिला की वरच्या फायलीत काहीच पोहोचत नाही. पन्नास वर्षांनी ती रिकामी फाईल पाहून कोणी म्हणते, 'पराक्रम झाला असता तर नोंद असती.' कोणीही 'नाही' न म्हणता अन्याय पूर्ण होतो.

२१/
आणि दुसरे : एका पदकाच्या अभावाने अख्ख्या डिव्हिजनची कीर्ती ठरली. ९२ वी म्हणजे 'अपयशी डिव्हिजन' ही प्रतिमा सेनापतींच्या अहवालांतून पुस्तकांत उतरली. तिला छेद देणारी माणसे होती, पण त्यांची साक्ष कमी दर्जाची ठरवली गेली होती. म्हणून १९९७ चा समारंभ केवळ सत्काराचा नव्हता. ती नोंदवहीतली दुरुस्ती होती. त्याच वर्षी आलेल्या 'लास्टिंग व्हॅलर' या आत्मकथनात बेकर यांनी आपली बाजू स्वतः मांडली.

२२/
१३ जुलै २०१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, बेकर यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ते विसावले आहेत. दुरुस्ती झाली हे खरे. पण ती सातांपैकी एकालाच आपल्या डोळ्यांनी पाहता आली, हेही तितकेच खरे. पुढच्या वेळी एखाद्या यादीत कोणा समाजाचे एकही नाव दिसले नाही, तर 'त्यांच्यात कोणी नव्हतेच' असे म्हणण्याआधी एवढे विचारा : ही यादी कोणी केली, आणि त्याच्या टेबलापर्यंत कोणते कागद पोहोचले होते?
(धागा समाप्त)