तलवारीचे पाणी

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीला एका शाळेत काही प्रयोग दाखवायला आम्ही गेलो होतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी नववीतल्या एका मुलाने विचारले, "सामुराईंची तलवार इतकी चांगली कशी? आपल्याकडे तशी का नव्हती?" प्रश्नाचा दुसरा भाग आम्हाला खटकला. पण फळ्यापाशी उत्तर देण्याऐवजी मुलांना घेऊन आम्ही गावातल्या लोहाराच्या भात्यापाशी गेलो.

लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या तुकड्यातून विळा घडवत होता. आकार आल्यावर त्याने पाते लाल केले आणि फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली. यालाच आपण 'पाणी देणे' म्हणतो. तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये विरघळलेले असतात. सावकाश निवू दिले तर ते बाहेर पडून वेगळे होतात. एकदम थंड केले तर त्यांना तेवढी सवड मिळत नाही, ते अडकून पडतात. अशा रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण, पण ठिसूळही असते. वर्गात हे शिवणाच्या दोन सुयांवर दाखवता येईल. दोन्ही चिमट्यात धरून लाल करा. एक हवेत निवू द्या, दुसरी पाण्यात बुडवा. पहिली वाकेल, दुसरी काडकन मोडेल.

तलवारीला धार कठीण हवी आणि पाठ चिवट. जपानी कारागिराने यासाठी पात्यावर मातीचा लेप दिला, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग पाणी दिले की धार झटकन थंड होते, पाठ सावकाश. धारेलगत दिसणारी नागमोडी रेघ ही या दोन रचनांमधली सीमा होय. मार्टेन्साइट थोडी जास्त जागा व्यापते, म्हणून त्या तलवारीचा बाकही बराचसा या बुडवण्यातच येतो.

जपानी पोलादाला घड्या घालतात, त्याचे मात्र उगाच गूढ केले जाते. लोहयुक्त वाळू आणि कोळसा यांच्या 'तातारा' भट्टीत पोलाद पूर्णपणे वितळत नाही. त्याचा ओबडधोबड गोळा मिळतो. त्यात कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मध्ये मळीही असते. घडी घालून ठोकण्याने मळी निघते आणि कार्बन सारखा पसरतो. बारा घड्या घातल्या तर 4096 थर होतात. हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा. घड्या हा सदोष कच्च्या मालावरचा उपाय होता, आणि तो त्यांनी कलेच्या पातळीला नेला.

दख्खनच्या कारागिराने हीच अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. त्याने पोलाद वितळवलेच. तेलंगणातील निजामाबादकडचे कोनासमुद्रम हे गाव यासाठी प्रसिद्ध होते. (1956 पर्यंत जालना आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते.) मातीत भाताचा तूस मिसळून मूस करायची, तिच्यात दोन प्रकारचे लोखंड भरायचे, तोंड लिंपायचे आणि दीर्घकाळ भट्टीत ठेवायचे. दक्षिणेकडे, सेलमच्या भागात, लोखंडासोबत तरवडाचे वाळके लाकूड आणि वर रुईची हिरवी पाने घालीत. टेंभुर्णीच्या रस्त्याकडेला ही दोन्ही झाडे मुलांनी लगेच दाखवली. लाकडातला कार्बन लोखंडात शिरला की त्याचा वितळणबिंदू खाली येतो, मळी वर तरंगते आणि शुद्ध पोलादाची वडी मिळते. कार्बन साधारण दीड टक्का. घडी घालायची गरजच नाही. मंद लाल आचेवर ती ठोकत गेले की पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आपोआप उमटते. अमेरिकेतील व्हरहोव्हेन आणि पेंड्रे यांनी 1998 मध्ये दाखवले की ही नक्षी कार्बाइडच्या कणांच्या ओळींची असते, आणि त्या ओळी जुळायला व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अत्यल्प अंश लागतो. खनिजाची खाण बदलली की कृती तीच असूनही नक्षी येईना, असा त्यांचा तर्क आहे.

मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने 1794 मध्ये लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढे मायकेल फॅरडे यांनी त्याचे पृथक्करण केले. फॅरडे स्वतः लोहाराचे चिरंजीव! त्यांना नक्षीचे कारण सापडले नाही, पण त्या खटपटीतून स्टोडार्ट या शस्त्रकारासोबतचे पोलादाच्या मिश्रधातूंवरचे त्यांचे संशोधन उभे राहिले.

आता नावाचा मुद्दा. जपानी कारागीर मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर आपले नाव कोरी. पाचसहाशे वर्षांपूर्वीच्या लोहारांची नावे त्यामुळे आज माहीत आहेत. कोनासमुद्रमच्या वड्या इराणचे व्यापारी घेऊन जात. इराणी तलवारींवर 'असदुल्ला इस्फहानी' असे नाव दिसते. युरोपात अशा पोलादाला दमास्कसचे नाव मिळाले. 'वूट्झ' हे इंग्रजी नाव म्हणजे कानडी 'उक्कू'चा अपभ्रंश, एवढीच काय ती मूळ मुलखाची खूण. आपल्याकडच्या 'फिरंग' तलवारीचेही तसेच: पाते युरोपातले, मूठ इथली, नाव पात्याच्या देशाचे. (जाता जाता, 'जिरेटोपा'तल्या जिऱ्याचा मसाल्याशी संबंध नाही. फारसीत 'झिरिह' म्हणजे कड्यांचे चिलखत.)

तलवारीचे दिवस दोन्हीकडे जवळपास एकाच सुमारास संपले. याच जिल्ह्यातील असईची 1803 ची लढाई आठवावी. तिथे शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांना किती जड नेले हे सर्वश्रुत आहे. जपानने 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी घातली, इथे इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्रकायदा केला. फरक पुढे पडला. जपानमध्ये तलवारींचे जतन करणाऱ्या संस्थेने 1977 मध्ये तातारा भट्टी पुन्हा पेटवली. तिथे आजही परवानाधारक लोहार तलवारी घडवतात. आपल्याकडे कारखान्यातले स्वस्त पोलाद आले, जंगलावर निर्बंध येऊन कोळसा महागला, आणि मुशींच्या भट्ट्या विझल्या. विळे-कोयते घडवणारा लोहार तेवढा उरला.

2010 मध्ये बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणात पाहणी केली. गावोगावी मळीचे ढीग आणि फुटक्या मुशींचे तुकडे सापडले. अशा मुशींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर जळलेल्या मातीत भाताच्या तुसाचे ठसे अजून स्पष्ट दिसतात.