मुक्या सोबत्याचें सुतक

गेल्या माघांत आमचा मोत्या वारला. "वारला" हें क्रियापद कुत्र्याच्या बाबतींत योजावें कीं नाहीं, यावर आमच्या घरांत त्याच दिवशीं थोडी वादावादी झाली. परगांवीं असलेल्या मुलीस कळवितांना आम्हीं प्रथम "मेला" असें लिहिलें, तें खोडलें, "गेला" असें लिहिलें, आणि शेवटीं "वारला" हाच शब्द राहूं दिला. चवदा वर्षें तो या घरांत होता. शेवटचीं दोन वर्षें त्याला दिसत नव्हतें. तरी आमच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला, कीं शेपटीचे दोन ठोके फरशीवर पडत. दुसऱ्या दिवशीं एक शेजारी भेटावयास आले. गृहस्थ मोठे सज्जन. परंतु बसल्या बसल्या म्हणाले, "अहो, कुत्रेंच तें. दुसरें आणा, म्हणजे विसर पडेल." आम्हीं मान डोलावली. मनांत मात्र असें आलें, कीं या दुःखाला जगांत कोणीं कधीं जागा दिली आहे कीं नाहीं, हें एकदां नीट पाहावें. पुढील पंधरा दिवस आम्ही त्या एकाच हेतूनें जुनीं पुस्तकें चाळीत बसलों होतों. त्यांत जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम आमच्या घरचा विचार करूं. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं आशौचाचा जितका सूक्ष्म विचार केला आहे तितका क्वचितच कोणीं केला असेल. सपिंडांस किती दिवस, मातुलादिकांस किती, दूरदेशीं वार्ता उशिरां कळली तर किती, सगळें बांधून दिलेलें आहे. या बांधणीचा एक मोठा उपयोग असा, कीं शोक करणाराला काय करावें हा प्रश्न पडत नाहीं. दहा दिवस त्याला कोणी कामाला लावीत नाहीं, आणि अकराव्या दिवशीं त्याला कामाला लागावेंच लागतें. कुत्र्यासाठीं असलें कांहींच नाहीं. दुपारीं त्याला मातींत ठेवावें, आणि तिसऱ्या प्रहरीं कचेरींत जाऊन आंकड्यांच्या बेरजा कराव्या.

महाभारतांत धर्मराजानें कुत्र्यासाठीं स्वर्ग नाकारला, हें खरें. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी पडली, चारी भाऊ पडले, तरी तो थांबला नाहीं. आणि कुत्र्याला रथांत घेत नाहींत म्हणतांच थांबला. परंतु या कथेविषयीं आमची एक जुनी तक्रार आहे. तें कुत्रें शेवटीं प्रत्यक्ष धर्मच निघतें, म्हणजे तें मरत नाहीं. आणि तें मेलें असतें तर युधिष्ठिरानें काय केलें असतें, हा आमच्या कामाचा प्रश्न व्यासांनीं तसाच सोडून दिला.

मिसर देशांत तो कोणीं सोडला नव्हता. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार त्या देशाचें वर्णन करतांना सांगतो, कीं घरांत मांजर आपल्या मरणानें मेलें तर घरांतलीं सर्व माणसें भुंवया काढून टाकीत. आणि कुत्रें मेलें तर डोकें व सर्व अंग भादरीत. प्रथम वाचतांना हंसूं येतें. पण थोडा विचार केला तर त्यांतली सोय लक्षांत येते. ज्याच्या भुंवया नाहींत त्याला बाजारांत कोणी "आज चेहरा उतरलेला कां?" असें विचारीत नसावें. त्याचें उत्तर त्याच्या कपाळावरच दिसत असे. आमचें सारें अवघडलेपण होतें तें हेंच, कीं आमचें दुःख दिसावयास जागा नव्हती.

हेरोडोटसची गोष्ट ऐकीव म्हणून कोणी बाजूस सारील, तर जमिनीनें दिलेली साक्ष त्याहून बोलकी आहे. त्याच मिसर देशांत तांबड्या समुद्राच्या कांठीं बेरेनिके नांवाचें बंदर होतें. रोमन अमदानींत हिंदुस्थानांतून मिरीं व इतर माल घेऊन येणारीं गलबतें तेथें लागत. या बंदराच्या गांवकुसाबाहेर इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील एक दफनभूमि अलीकडे उकरून काढण्यांत आली. तींत पांचशेंहून अधिक जनावरें निघालीं. बहुतेक मांजरें, कांहीं कुत्रीं, आणि कांहीं माकडें. तीं माकडें तर हिंदुस्थानांतून नेलेलीं होतीं. हीं देवाला बळी दिलेलीं नव्हेत, कीं त्यांचीं प्रेतें मसाले भरून जतन केलेलीं नव्हेत. नुसतीं एकेक निजवून पुरलेलीं. कांहींच्या गळ्यांत पट्टे व मणी. संशोधकांनीं २०२१ सालीं जें प्रसिद्ध केलें त्यांत आम्हांला सर्वांत भिडलेली गोष्ट म्हणजे, कांहीं कुत्रीं अतिशय म्हातारीं होतीं, त्यांचे दांत पडून गेले होते, आणि अशा स्थितींतहि तीं पुष्कळ दिवस जगलीं होतीं. त्या रखरखीत ओसाड किनाऱ्यावर, जेथें धान्याचा दाणाहि बाहेरून आणावा लागे, तेथें बिनदातांचें कुत्रें आपोआप जगत नाहीं. कोणी तरी त्याला मऊ करून भरवीत होतें. मोत्याची भाकरी शेवटचे सहा महिने दुधांत कुस्करावी लागे, म्हणून हें वाचतांना आम्ही जरा थांबलों.

याच्याहि फार मागें जातां येतें. जर्मनींत बॉन शहराजवळ १९१४ सालीं खाण खणतांना सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचीं एक पुरुष व एक स्त्री अशा दोघांचीं हाडें सांपडलीं, आणि त्यांच्याबरोबर एका कुत्र्याचीं. तें म्हातारें नव्हतें, अवघें सहा-सात महिन्यांचें होतें. पण दांतांवरील खुणांवरून असें दिसतें, कीं लहानपणींच त्याला एका भयंकर रोगानें गांठलें होतें आणि माणसांच्या शुश्रूषेवांचून तें इतकेंहि जगलें नसतें. शेती नव्हती, गांव नव्हतें, मडकेंहि नव्हतें, आणि आजारी पिल्लाच्या उशाशीं कोणी तरी बसलें होतें.

ग्रीकांकडे वळलों कीं ओडिसीमधला आर्गस आठवतोच. धनी वीस वर्षांनीं भिकाऱ्याच्या वेषांत घरीं येतो. त्याला ना नोकर ओळखतात, ना शत्रु. दारांतल्या शेणाच्या ढिगावर गोचिडांनीं भरलेलें म्हातारें कुत्रें तेवढें ओळखतें, कान पाडतें, शेपूट हलवितें, आणि तेथेंच प्राण सोडतें. या प्रसंगाची तारीफ सगळेच करतात. आम्हांला त्यांतलें एक लहानसें कलम महत्त्वाचें वाटतें: ओडिसियस रडतो, पण शेजारच्या डुकरें राखणाराला दिसूं नये म्हणून तोंड फिरवून डोळे पुसतो. त्याला तसें करणें भाग होतें, वेष उघडा पडला असता. आमचा कोणता वेष उघडा पडणार होता, कीं त्या दिवशीं आम्हींहि चष्मा पुसण्याचें निमित्त केलें?

पुढें प्लुटार्कनें थोरल्या केटोचें चरित्र लिहितांना याच विषयावर लेखणी थोडी कठोर केली आहे. हा केटो मोठा कर्तबगार रोमन. पण म्हातारे बैल आणि म्हातारे गुलाम विकून टाकावे, असें त्याचें शेतीच्या हिशेबाचें मत. स्पेनच्या मोहिमेंत ज्या घोड्यावर बसला तो घोडा त्यानें तेथेंच सोडला, कारण आणण्याचा खर्च सरकारावर पडेल. प्लुटार्कला हें मानवलें नाहीं. जीव असलेल्या वस्तूला फाटक्या जोड्याप्रमाणें टाकूं नये, आपण तर आपल्यासाठीं राबलेला म्हातारा बैलहि विकणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. ओघांत तो अथेन्सच्या एका खेंचराची हकीकत देतो. देवळाचें बांधकाम चालू असतां जीं खेंचरें थकलीं त्यांना मोकळें सोडण्यांत आलें. त्यांतलें एक आपण होऊन रोज कामावर येई आणि ओझें वाहणारांच्या पुढें पुढें चाले. लोकांनीं ठराव केला, कीं याला मरेपर्यंत सरकारी खर्चानें पोसावें. पेन्शनीचा इतका जुना दाखला आमच्या वाचनांत दुसरा नाहीं.

सिकंदराच्या घोड्याचा शेवट तर आपल्याच बाजूला झाला. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्यें झेलमच्या कांठीं पोरसाशीं लढाई झाली, आणि त्याच सुमारास ब्युसेफेलस मेला. कोणी म्हणतात जखमांनीं, कोणी म्हणतात वार्धक्यानें. त्याचें वय तीस सांगतात. त्याच्या नांवानें सिकंदरानें त्या नदीवर एक शहर वसविलें. राजे लोकांचें असें असतें. आमच्यासारख्यांना परसांतली एक पारिजातकाची आळी पुरते.

दक्षिणेंतली एक शिळा मात्र आम्हीं मुद्दाम राखून ठेविली होती. आज जो मंड्या जिल्हा म्हणून ओळखला जातो, त्यांतील आतकूर गांवीं ती मिळाली. मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण, ज्याची सत्ता महाराष्ट्रावरहि होती, त्यानें तक्कोलमच्या रणांत चोळांचा पराभव केला, तो इ. स. ९४९ च्या सुमाराचा. चोळ राजपुत्र राजादित्य तेथें पडला, हेंहि या शिळेवर कोरलेलें आहे. त्या मोहिमेंत राष्ट्रकूटांच्या बाजूनें गंग राजा बूतुग होता, आणि त्याच्या पदरीं मणलेर नांवाचा वीर. पराक्रमाबद्दल काय हवें तें माग म्हटल्यावर त्यानें गांव मागितलें नाहीं, सोनें मागितलें नाहीं. काळी नांवाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढें बेळतूरच्या डोंगरावर हा कुत्रा एका मोठ्या डुकरावर सोडला असतां दोघेहि एकमेकांना मारून मेले. मणलेरानें आतकूरच्या देवळासमोर ही शिळा उभी केली, वर कुत्रा व डुक्कर झुंजतांना कोरविले, आणि तिच्या पूजेसाठीं जमीन तोडून दिली. इतकेंच नव्हे, तर पुजाऱ्यानें या दगडाची पूजा केल्यावांचून अन्न घेतल्यास त्याला पाप लागेल, असें लिहवून ठेविलें. एका राजपुत्राचें मरण आणि एका कुत्र्याचें मरण एकाच दगडावर, आणि दगड उभा केला तो कुत्र्यासाठीं!

जहांगीर बादशहानेंहि लाहोरजवळ, आज ज्याला शेखूपुरा म्हणतात तेथें, मनसराज नांवाच्या आपल्या लाडक्या काळविटासाठीं मनोरा उभारविला, थडग्यावर त्याचेंच दगडी चित्र बसविलें, आणि त्या भागांत हरणाची शिकार बंद केली. शिकारीचा एवढा शौकी माणूस. पण एका जनावराला नांव दिल्यावर बाकीचीं सगळीं त्याच्या आड उभीं राहिलीं.

आतां सातारा. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची हकीकत जेम्स ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत आली आहे. वाघाच्या शिकारींत या कुत्र्यानें महाराजांचा जीव वांचविला. महाराजांनीं त्याला जहागिरीच्या सनदा करून दिल्या, पालखी दिली, आणि उतारवयांत एका सरदारी भेटीच्या वेळीं त्याला जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून आपलें पागोटें त्याच्या डोक्यावर ठेवलें. मग त्यांनीं स्वतःच्या मस्तकावर कांहीं म्हणून घातलें नाहीं. डफसाहेब हें सारें बुद्धिभ्रंशाच्या सदरांत टाकतो. कीर्तन्यांपासून पुढें आमच्या इतिहासकारांनीं डफचीं वाक्यें घांसून घ्यावयास शिकविलें आहे. हेंहि वाक्य आम्ही तसेंच घेतों. सात वर्षांच्या वयांत जो औरंगजेबाच्या कैदेंत पडला, १७०७ पर्यंत परक्या छावणींत वाढला, आणि सुटून आल्यावर ज्याच्या भोंवतीं जन्मभर कांहीं तरी मागणारीं माणसेंच जमलीं, त्यानें कांहीं न मागणाऱ्या एका जनावराला पालखींत बसविलें, तर त्याला वेडच म्हटलें पाहिजे असें आम्हांला वाटत नाहीं. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरांत निवर्तले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस राजघराण्याच्या समाध्या आहेत, आणि तेथेंच एक कुत्र्याची समाधि. ती खंड्याची म्हणून लोक दाखवितात.

रायगडावरील वाघ्याची गोष्ट येथें कोणी काढील. तो पुतळा १९३६ सालचा. शिवकालीन कागदांत त्या कुत्र्याचा पत्ता लागत नाहीं, आणि त्यावरून अलीकडे बरीच भांडणें झालीं आहेत. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. खंड्याला निदान डफची साक्ष आहे.

मुंबईंत या प्रश्नाला निराळेंच रूप आलें. १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा सपाटा लावला, तेव्हां पारशी लोकांनीं उठाव केला, आणि दुसऱ्याहि जातींचे लोक त्यांस मिळाले. पारशांत मृताच्या अंगावर कुत्र्याची दृष्टि पडावी, असा "सगदीद" नांवाचा विधि आहे; माणसाला पोंचवावयास जो येतो त्यालाच मारावें, हें त्यांना कसें सोसावें? यानंतर दोनच वर्षांनीं जमशेटजी जिजीभाईप्रभृतींच्या पैशानें पांजरापोळ उभी राहिली. म्हातारे बैल, लंगडे घोडे, बेवारशी कुत्रीं यांनीं तेथें आपल्या मरणानें मरावें. आपल्या मरणानें! गेल्या माघांत हे शब्द आमच्या घरांत पुष्कळ वेळां उच्चारले गेले. गुरांचे डॉक्टर म्हणाले होते, "सुई देऊं या, सुटेल बिचारा." आम्हीं चार दिवस नको म्हटलें. पांचव्या पहांटे तो आपण होऊनच गेला. ते चार दिवस आम्हीं त्याच्यासाठीं मागितले कीं आमच्यासाठीं, हें आम्हांला ठरवितां आलेलें नाहीं, आणि वर सांगितलेल्या इतक्या मंडळींत त्याचा निवाडा देणारें कोणी भेटलें नाहीं. प्लुटार्कला सुई ठाऊक नव्हती.

परवां तेच शेजारी पुन्हा आले. निघतांना पायरीपाशीं थांबून म्हणाले, "आमच्याकडे लहानपणीं एक तांबू गाय होती," आणि पुढें कांहीं बोलले नाहींत. आम्हीं त्यांना पुन्हा बसवून घेतलें. चहा करण्यास घरांत दूध भरपूर होतें. मोत्यासाठीं लावलेलें पावशेर दूध गवळी अजून घालून जातो. तें बंद कर म्हणून त्याला कोणीं सांगितलेलें नाहीं.