एकच शिष्यवृत्ती, दोन कामं



शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस आले की गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघतोच : "तिच्या मुलीला मिळते, मग माझ्या मुलीला का नाही?" अमेरिकेत हाच प्रश्न कोर्टात गेला. तिथे वाद जातीचा नव्हता, वंशाचा होता. मेरीलँड राज्यातली ही हकिकत.

अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसांना दोनशेहून जास्त वर्षं गुलाम म्हणून राबवलं गेलं. मेरीलँडमध्ये गुलामगिरी 1864 साली संपली. आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांनाच.

पण बेडी तुटली म्हणून कॉलेजचं दार उघडलं नाही. 1930 च्या सुमारास मेरीलँड विद्यापीठाचं कायद्याचं कॉलेज कृष्णवर्णीयांना घेत नव्हतं. बाल्टिमोरचा थर्गुड मार्शल हा तरुण म्हणून रोज रेल्वेने वॉशिंग्टनला, हॉवर्ड विद्यापीठात शिकायला जायचा. त्याच्या फीसाठी आईने लग्नाची अंगठी गहाण टाकली, असं सांगतात. मंगळसूत्र गहाण ठेवून पोरांना शिकवणाऱ्या आया आपल्याकडेही कमी नाहीत.

1935 साली डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय पदवीधराने त्याच कायद्याच्या कॉलेजात अर्ज केला. तो नाकारला. प्रकरण कोर्टात गेल्यावर राज्याने सांगितलं, "आम्ही कृष्णवर्णीयांना शिष्यवृत्ती देतो की! राज्याबाहेर जाऊन शिका." शिष्यवृत्त्या होत्या 50, प्रत्येकी 200 डॉलरच्या. त्यात फार तर फी भागली असती. राहणं, खाणं, प्रवास ज्याचा त्याने बघायचा. म्हणजे वंश बघून दिलेली ही शिष्यवृत्ती माणसाला दाराबाहेर ठेवण्यासाठी होती. मरेच्या बाजूने उभे राहिले चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचाच विद्यार्थी थर्गुड मार्शल, आता वकील झालेला. जानेवारी 1936 मध्ये राज्याच्या वरच्या कोर्टानेही मरेच्या बाजूने निकाल दिला. मार्शल पुढे 1967 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

आता पुढची चाळीस वर्षं ओलांडू. 1970 च्या दशकाच्या शेवटी त्याच विद्यापीठाने हुशार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी बॅनेकर शिष्यवृत्ती सुरू केली. बेंजामिन बॅनेकर हे मेरीलँडचेच, स्वतःच्या बळावर खगोलशास्त्र शिकून पंचांग छापणारे कृष्णवर्णीय गृहस्थ. या वेळी शिष्यवृत्ती माणसाला दाराच्या आत आणण्यासाठी होती.

1989 साली एका हिस्पॅनिक विद्यार्थ्याला ही शिष्यवृत्ती हवी होती. गुण हवे त्यापेक्षा चांगले होते, पण तो कृष्णवर्णीय नव्हता. त्याने दावा लावला. विद्यापीठाचं म्हणणं होतं, जुन्या भेदभावाची झळ कृष्णवर्णीय मुलांना आजही लागते. 1994 मध्ये अपील कोर्टाने विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला : आजच्या अडचणी त्या जुन्या भेदभावामुळेच आहेत, हे सिद्ध झालं नाही. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. मग बॅनेकर शिष्यवृत्ती दुसऱ्या एका शिष्यवृत्तीत मिसळून सगळ्यांना खुली केली. पुढे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांतली वंश विचारात घेऊन प्रवेश देण्याची पद्धतही बेकायदा ठरवली.

त्या विद्यार्थ्याचं दुखणं खोटं नव्हतं. कुणाचं दार त्याने बंद केलं नव्हतं. पण ज्यांच्या आज्याला त्याच विद्यापीठाने उभं केलं नाही, त्या नातवंडांचं दुखणंही खरंच. आज्याला पदवी नाही म्हणून चांगली नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून शिल्लक नाही. पुढची पिढी तिथूनच सुरुवात करते. परीक्षेचे गुण फक्त आजची शिल्लक दाखवतात. आपण बाईची कर्जाची अडचण समजून घेताना पासबुकाची मागची पानंही चाळतोच ना?

ही मदत किती वर्षं, आणि त्याच समाजातल्या खऱ्या गरजूपर्यंत ती पोचते का, हे विचारलंच पाहिजे. पण "तिला का?" असं वाटलं, तर आधी दोन गोष्टी बघा. हा पैसा माणसाला आत आणतो की बाहेर ठेवतो? आणि तिच्या आईला, आजीला शाळेचं दार कधी उघडलं? पुढच्या बैठकीत यावर बोला. मुली समोर बसलेल्या असतील तर आणखी चांगलं.