पाकिटांतील खेळाडू

यवतमाळांतील एका जुन्या घराची आवराआवर होत असतां निघालेला क्रीडाचित्रांचा एक संग्रह नुकताच आमच्याकडे आला. विलायती सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारीं, बोटभर लांबीचीं हीं कार्डें. एका अंगास खेळाडूचें रंगीत चित्र, दुसऱ्या अंगास त्याची हकीगत. असल्या किरकोळ वस्तूंत इतिहास तो काय असणार, असें कोणास वाटेल. परंतु नाणीं व ताम्रपट पारखण्यास जी दृष्टि लागते, तीच येथेंही लागते.

कागदी पाकीट चेपूं नये म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. १८८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील व इंग्लंडांतील कारखानदारांनीं त्यावर चित्रें छापण्यास आरंभ केला. संच पुरा करण्याच्या ओढीनें गिऱ्हाईक तेंच पाकीट पुन्हा घेई, हें त्यांतील मर्म. विल्स कंपनीनें १८९६ सालीं पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. पुढें महायुद्धांत कागदाची चणचण भासूं लागल्यानें १९४० सालीं इंग्लंडांत ही प्रथा थांबली.

कार्डावर साल बहुधा नसतें. तें काढावें लागतें. जॉन प्लेअरच्या कार्डाच्या पाठीवर ‘इंपीरियल टोबॅको कंपनीची शाखा’ असा उल्लेख असेल, तर तें १९०१ पूर्वीचें नव्हे; कारण ती कंपनी त्या वर्षीं स्थापन झाली. हकीगतींत ज्या अखेरच्या हंगामाच्या धावा दिल्या असतील, त्याआधीं तें कार्ड छापलेलें असूं शकत नाहीं. अनुक्रमांकावरून कोणतीं कार्डें गहाळ आहेत, हेंही कळतें.

याशिवाय संशोधकानें कार्डांचें मौनही वाचावें. प्लेअरच्या १९३४ च्या पन्नासांच्या संचांत इंग्लंडचे व ऑस्ट्रेलियाचे खेळाडू आहेत. त्यांत पतौडीचे नवाब सांपडतात, ते इंग्लंडच्या खेळाडूंत. कारण १९३२ च्या डिसेंबरांत सिडनी येथें त्यांनीं इंग्लंडतर्फे १०२ धावा काढल्या होत्या. नागपुरास जन्मलेले सी. के. नायडू तेथें नाहींत. १९२६ सालीं मुंबईस एम. सी. सी. विरुद्ध १५३ धावा काढतांना त्यांनीं अकरा षट्कार मारले होते. १९३२ सालीं लॉर्ड्सवरील हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचे ते नायक होते. १९३३ च्या विस्डेननें त्यांस वर्षांतील पांच श्रेष्ठ खेळाडूंत बसविलें. म्हणजे कार्डावर कोण असावें, हें गुणांवरून ठरत नसे. विकणाऱ्याची बाजारपेठ तें ठरवी.

शेजारच्या अमरावतीचें उदाहरण घ्या. १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनला गेलें आणि तेथें त्यानें आपले देशी खेळ करून दाखविले. त्याच ऑलिंपिकचीं चित्रें सिगारेटबरोबर वांटून जर्मनींत दोन खंडांचे आल्बम भरविले गेले. परंतु वऱ्हाडच्या हुतुतूचा व मल्लखांबाचा इतिहास ज्यास लिहावयाचा असेल, त्यानें मंडळाचें दप्तरच उघडलें पाहिजे. तंबाखूच्या व्यापाऱ्यावर विसंबून चालणार नाहीं.

राहतां राहिला प्रश्न मांडणीचा. आमच्या संग्रहाच्या अज्ञात मालकानें क्रमांकांची पर्वा न करितां पतौडींचें कार्ड सर्वांच्या वर ठेवून पुडकें बांधलें होतें. संग्राहकाचा पहिला मोह म्हणजे दोरा तोडून कार्डें एकपासून पन्नासपर्यंत लावणें. तसें केल्यास संच नीटनेटका होतो, पण एक पुरावा कायमचा बुडतो. क्रमांक कारखानदाराची निवड सांगतात. पुडक्याचा क्रम यवतमाळच्या एका रसिकाची निवड सांगतो. पहिली कोणत्याही सूचिपत्रांत सांपडेल, दुसरी त्या दोऱ्याखेरीज कोठेंच नाहीं. यास्तव जुना संग्रह हातीं येतांच प्रथम तो जसा असेल तसा टिपून ठेवावा, आणि मगच गांठ सोडावी.